कोरड्या पोशाखाची निवड



'निवडणे' हे क्रियापद तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा वापरता. पण त्याचे दोन अर्थ एकमेकांना खेटून राहतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. आपण तांदूळ निवडतो, मेथीची जुडी निवडतो. आणि आपण उमेदवार निवडतो, साडीचा रंग निवडतो, अभ्यासक्रमही निवडतो. या दुसऱ्या निवडण्यात जे हवे ते उचलायचे असते. पहिल्या निवडण्यात जे नको ते काढून टाकायचे असते. खडे गेले की उरतात ते तांदूळ. ज्या वस्तूवर आपला जीव अवलंबून राहणार आहे, ती घेताना मला नेहमी हे तांदळाचे निवडणेच अधिक उपयोगी पडले आहे. या निबंधात मी अशाच एका वस्तूविषयी लिहिणार आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना ती कधी विकत घ्यावी लागणार नाही, आणि मराठीत तिला रूढ नावही नाही. जगभर तिला ड्रायसूट म्हणतात. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून थंड पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याने अंगात घालायचा, पाणी आत न शिरू देणारा पोशाख, असे तिचे वर्णन करता येईल.

मी भाषाविज्ञान शिकवते. पाण्याखाली जाण्याचे वेड मला चाळिशी उलटल्यावर लागले, आणि तेही आपल्याच किनाऱ्यावर, मालवणजवळच्या तारकर्लीला. तिथल्या समुद्राचे पाणी वर्षातले बरेच महिने २७-२८ अंश सेल्सिअस असते. अंगावर पातळसा पोशाख असला की पाण्यातला वेळ आरामात जातो. वर आल्यावर थंडी वाजलीच तर ती वाऱ्याची. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने दोन वर्षे स्कॉटलंडमध्ये राहण्याचा योग आला. एडिंबरापासून मोटारीने सव्वा तासाच्या अंतरावर सेंट ॲब्ज नावाचे मासेमारीचे लहान बंदर आहे. त्याच्या आसपासचा समुद्र १९८४पासून लोकांनी आपखुशीने राखला आहे. तिथल्या खडकांवर पांढऱ्या आणि नारिंगी मऊ प्रवाळांचे ताटवे आहेत. त्यांना इंग्रजीत 'मेलेल्या माणसाची बोटे' अशा अर्थाचे भयंकर नाव आहे. तिथल्याच कपारींत वुल्फफिश नावाचा मासा राहतो. चेहरा एखाद्या खिन्न म्हाताऱ्याचा, दात मात्र खेकड्याची कवचे फोडणारे. तो थंड पाण्याचा रहिवासी. त्याला पाहायचे तर त्याच्या घरी जावे लागते, आणि त्या घरचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस ५-६ अंशांवर असते. उन्हाळा सरतानाही ते फार तर १३-१४ अंशांवर जाते.

"आई, या वयात हे कशाला?" असे मुलीने फोनवर विचारले. प्रश्न रास्त होता. चौपन्नाव्या वर्षी अंगातली ऊब पंचविशीसारखी टिकत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. १३ अंशांच्या हवेत आपण पुण्यात स्वेटर घालून फिरायला जातो आणि थंडीचे कौतुक करतो. १३ अंशांच्या पाण्यात पुरेशा पोशाखाविना राहिलेल्या माणसाची बोटे थोड्याच वेळात बकल सोडवण्याइतकीही उरत नाहीत. बोटांच्या मागोमाग बुद्धी मंदावते. सिलिंडरमधली हवा किती उरली, वर कधी निघायचे, सोबती कुठे आहे, या साध्या गोष्टींचा हिशेब चुकू लागतो. मुलीला मी इतकेच सांगितले की, जाईन तर नीट पोशाख घेऊन जाईन. तो मिळाला नाही तर जाणार नाही. हे बोलणे सोपे होते. 'नीट' म्हणजे काय, हे समजायला पुढचे चार महिने लागले.

आधी तारकर्लीच्या पोशाखाविषयी, म्हणजे वेटसूटविषयी, दोन वाक्ये. निओप्रीन हे रबर असते आणि त्याच्या पोटात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. वेटसूट पाणी आत येऊ देतो. आत आलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने कोमट होतो आणि ते बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. पण समुद्रात १० मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. बुडबुडे दबतात, पोशाख चपटा होतो आणि ऊब जाते. म्हणजे जिथे थंडी अधिक, नेमके तिथेच पांघरूण विरळ. ड्रायसूटमध्ये अंगाभोवती पाण्याच्या ऐवजी हवेचा थर असतो. खाली जाताना हा थरही दबतो आणि पोशाखाच्या घड्या अंगाला चिमटे काढतात. म्हणून छातीवरच्या एका व्हॉल्व्हमधून सिलिंडरची हवा थोडी थोडी आत सोडायची. वर येताना हीच हवा फुगते. म्हणून डाव्या दंडावरच्या दुसऱ्या व्हॉल्व्हमधून, कोपर उचलून, ती बाहेर जाऊ द्यायची. ड्रायसूट निवडायचा म्हणजे या हवेला किती जागा द्यायची, ती कुठून येणार, कुठून जाणार आणि कुठे अडकणार, हे ठरवायचे. दुकानात गेल्यावर नजर रंगावर आणि खिशांवर जाते. प्रश्न मात्र हवेचा असतो.

इथे भाषेच्या अभ्यासकाचा एक आगंतुकपणा सहन करावा. ड्रायसूटला मराठीत काय म्हणावे, यावर मी बराच विचार केला. 'सुका पोशाख' मला पटेना. सुके खोबरे, सुकी मासळी, सुका मेवा: आधी ओल होती, ती गेली, अशी या शब्दाची चाल आहे. 'वाळलेला' तर दोरीवरच्या धुण्याची आठवण करून देतो. 'कोरडा' या शब्दात मात्र पाणी जवळ असूनही न लागण्याची शक्यता आहे. कोरडे पाषाण म्हणतात तो नदीत पडलेला असला, तरी आतून कोरडाच. भेद काटेकोर नाही. बोलीबोलींत या शब्दांची अदलाबदल होते. तरी मी 'कोरडा पोशाख' हे नाव पक्के केले. पुढे पाण्यात उतरल्यावर कळले की, तेही पुरते खरे नाही. माणूस घाम गाळतो, तो घाम पोशाखाच्या गार कापडाला आतून टेकून पाणी होतो, आणि बाहेर आल्यावर अंग दमट लागते. याला आपल्याकडे अचूक शब्द आहे: सर्द. फारसीत 'सर्द' म्हणजे थंड. मराठीत आपण सर्दावलेले पापड म्हणतो तेव्हा ओल सांगत असतो. थंडी आणि ओल एकाच शब्दात कशा नांदतात, हे मला पदवीच्या वर्गात शिकवता आले असते. समजले ते मात्र या पोशाखात.

पोशाख विकत घेण्याआधी प्रशिक्षण घ्यायचे असते. साध्या पाणबुडीचा परवाना असला तरी ड्रायसूटचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते, कारण अंगाभोवतीची हवा सांभाळणे ही नवी जबाबदारी असते. त्या वर्गासाठी मला एका केंद्राने भाड्याचा पोशाख दिला. मी पाच फुटांहून जेमतेम अर्धा इंच उंच. त्यांच्याकडचा सर्वांत लहान पोशाख माझ्याहून चार-पाच इंच उंच पुरुषाच्या मापाचा होता. "आत जाडा सूट घाला, भरेल," असे सांगण्यात आले. भरला नाही. दोन्ही मांड्यांजवळ कापडाचे झोळ पडले, आणि त्याला जोडलेल्या बुटांत माझी पावले डब्यातल्या लाडवांसारखी हलत होती.

सहा मीटर खोलीवर सराव चालला होता. मी खालचे काही पाहण्यासाठी किंचित पुढे वाकले आणि पोशाखातली हवा पायांकडे सरकली. हवेचा स्वभावच असा की, जी जागा सर्वांत वर ती तिची. पाय वर जाऊ लागले. अशा वेळी गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि डोके वर, पाय खाली करायचे, म्हणजे हवा पुन्हा दंडाकडे येते, हे शिकवलेले होते. मी गुडघे आवळले. पण झोळांत भरलेल्या हवेने पोशाखाचे पाय फुगले, बूट पावलांवरून निम्मे निसटले, आणि बुटांवर चढवलेले फिन माझ्या पायांचे ऐकेनासे झाले. दंडावरचा व्हॉल्व्ह आता सर्वांत खाली होता; त्यातून काहीच बाहेर जाणार नव्हते. वर जावे तशी हवा फुगते, फुगावी तसे वर जाणे वाढते. असे वेगाने वर आलेल्या माणसाने श्वास रोखला असेल, तर सहा मीटरही फुप्फुस फाटायला पुरतात. मी श्वास सोडत राहिले. प्रशिक्षकाने खालून माझे जाकीट धरले, मला सरळ केले आणि दंडावरचा व्हॉल्व्ह दाबला. हे सारे बहुधा दहा सेकंदांचे असेल.

शिंपी कापड बेततो, आणि एखादा प्रसंग जिवावर बेततो. क्रियापद एकच आहे. या दोन वापरांचा व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध कसा लावायचा, ते कोशकारांवर सोपवू. किनाऱ्यावर बसून गरम चहा पिताना मला तो पुरेसा स्पष्ट दिसला होता.

म्हणून माझ्या निवडीतला पहिला खडा ठरला तो दुसऱ्याच्या मापाचा पोशाख. स्वस्त असो, मैत्रिणीचा असो, नामांकित कंपनीचा असो, तो बाजूला. ज्या दुकानात मी शेवटी गेले, तिथला म्हातारा मालक तरुणपणी उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्या होता. त्याने रंगाची विचारणा केली नाही. आधी विचारले, "आतून काय घालणार?" ज्या आतल्या उबदार सुटावर ड्रायसूट घालायचा, तो आधी घ्यावा आणि तो अंगात असतानाच माप द्यावे, हा त्याचा नियम. मग त्याने मला हात सरळ वर करायला लावले. दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारायला लावली. उकिडवे बसवले, एक गुडघा टेकवायला लावला. आणि हात मागे नेऊन सिलिंडरच्या तोटीपर्यंत बोटे पोचतात का, ते पाहिले. उकिडवे बसताना काखेत किंवा जांघेत ओढ बसली तर पोशाख आखूड. उभे राहिल्यावर ढोपराखाली कापड गोळा झाले तर लांब. आखूड पोशाखात तोटीपर्यंत हात जात नाही, लांब पोशाखात हवेला लपायला जागा मिळते. दोन्ही दोषांत मला दुसऱ्याची भीती अधिक वाटत होती, याचे कारण तुम्हांला ठाऊक आहे.

आता बायकांच्या शरीराला धरून शिवलेले तयार पोशाखही मिळतात. तरी पाच फुटांच्या मराठी बाईचे धड, तिचे आखूड पाय आणि तिची पावले, या तिन्हींना एकाच वेळी बसणारे तयार माप मला त्या दुकानात मिळाले नाही. मापे घेऊन शिवलेला पोशाख तयारपेक्षा थोडा महाग पडतो आणि काही आठवडे थांबावे लागते. त्या मालकाने गळ्यापासून घोट्यापर्यंत वीस-बावीस मापे घेतली. लहानपणी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे परकर-पोलक्याची मापे दिली होती. त्यानंतर इतक्या मनापासून माझे माप कोणी घेतले नव्हते. बुटांच्या बाबतीत त्याने सुचवले की, पोशाखाला जोडलेले बूट नकोत. नुसते पातळ मोजे जोडलेले असावेत आणि त्यांवर नाड्यांचे वेगळे बूट घट्ट आवळावेत. पाय लहान असलेल्या माणसाला याहून चांगला उपाय नाही, असे आता मीही सांगेन.

कापडाविषयी लोक फार वाद घालतात. मला तो भाग तुलनेने सोपा वाटला. मुख्य जाती दोन. निओप्रीनचा ड्रायसूट जाड असतो, ताणतो, अंगाला बिलगतो आणि स्वतःची ऊब बाळगतो. कुठे थोडे पाणी शिरले तरी अगदी उघड्यावर टाकत नाही. पण तो जड असतो, लवकर वाळत नाही, आणि खोलीवर त्याचेही बुडबुडे दबतात. हेच निओप्रीन कारखान्यात आधीच दाबून पातळ व चिवट केलेलेही मिळते. ते त्या दोहोंच्या मधले. दुसरी जात ट्रायलॅमिनेटची, म्हणजे तीन थरांच्या कापडाची: बाहेर आणि आत विणलेले कापड, मध्ये ब्यूटाइल रबर. हे हलके, घडी होणारे, लवकर वाळणारे. मात्र त्याला स्वतःची ऊब नाही आणि ते ताणत नाही, म्हणून बेतणे अचूक हवे. शिवाय एक निव्वळ रबराचा पोशाख असतो. घाण किंवा विषारी पाण्यात काम करणारे पाणबुडे तो वापरतात, कारण तो धुऊन स्वच्छ करता येतो. हौसेने मासे पाहायला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

मी तीन थरांचे कापड घेतले. विमानाच्या सामानात वजन मोजून न्यायचे होते, हे एक कारण. आणि दुसऱ्या कारणात थोडी भावनाही होती, ती लपवत नाही. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये नॅफ्थात विरघळवलेल्या रबराचा थर देऊन पाणी न शिरणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. पुढे पावसाळी कोटालाच तिकडे त्याचे नाव पडले. तांब्याच्या गोल शिरस्त्राणाचे ते जुने पाणबुडे तुम्ही चित्रांत पाहिले असतील. त्यांचा अंगरखाही जाड कापडांत रबर दाबून केलेलाच असे. त्याआधीचे लोक चामड्यावर चरबी आणि डांबर माखत. फिनलंडमधल्या राहे गावच्या संग्रहालयात अठराव्या शतकातला असा चामडी पोशाख जपून ठेवला आहे. त्याचे नाव 'म्हातारबुवा' अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे मेणकापड होते, पानांची इरली होती. पाण्याला दाराबाहेर थोपवण्याचा खटाटोप सर्वत्र जुना आहे. मॅकिंटॉशच्या प्रदेशात राहून मॅकिंटॉशच्याच युक्तीचा पोशाख घ्यावा, असे मला वाटले.

पाणी प्रत्यक्षात कापडातून क्वचितच शिरते. ते शिरते दारांतून. पोशाखाला दारे चार: गळा, दोन मनगटे आणि चेन. गळ्याशी व मनगटांशी रबराच्या लवचिक पट्ट्या असतात. त्या लेटेक्सच्या असतात, सिलिकोनच्या असतात किंवा निओप्रीनच्या. लेटेक्स अंगाला छान चिकटते, स्वस्त असते. पण ऊन, उष्णता आणि तेलकट मलमे यांनी ते चिकट होते, मग चिरते. सिलिकोन मऊ असते, लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना चालते. फक्त ते गोंदाने चिकटत नाही, म्हणून ते कड्यात बसवावे लागते. याचा फायदा असा की, फाटले तर कारखान्यात न पाठवता घरीच बदलता येते. निओप्रीनची पट्टी टिकाऊ आणि उबदार असते, पण ती अचूक मापाची लागते. माझा पोशाख वर्षातले बहुतेक महिने पुण्यात, कपाटात राहणार होता. पुण्याच्या मे महिन्याचा विचार करून मी लेटेक्स वगळले. कड्यातल्या सिलिकोनच्या पट्ट्या घेतल्या, आणि एक जोड जादा.

गळपट्टीच्या घट्टपणाबाबत सावध राहावे. सैल असली तर पाणी शिरते, हे सर्वांना कळते. घट्ट असली तर ती मानेतल्या रक्तवाहिन्या दाबते. तिथे दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते, आणि पाण्याखाली चक्कर येणे म्हणजे काय, ते सांगायला नको. दुकानात पट्टी चढवून दहा मिनिटे बसावे, बोलावे, मान फिरवावी. मी बसले. मालकाने तेवढ्या वेळात मला त्याच्या कुत्र्याचे सगळे आजार सांगितले. माझी बारीक मनगटे पाहून मात्र त्याने मान हलवली. मूठ वळली की मनगटावरच्या शिरा उभ्या राहतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना पन्हळ पडते आणि त्या पन्हळीतून पाणी आत येते, असे तो म्हणाला.

चेन, म्हणजे आपले शिंपी जिला चेन म्हणतात तीच, पण पाणी न शिरू देणारी. ती पोशाखाचा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग. पाठीवर आडवी असेल तर लावायला दुसऱ्याची मदत लागते. छातीवर तिरकी असेल तर स्वतःची स्वतःला लावता येते. मला तीच हवी होती. पितळी दातांची चेन मजबूत, पण तिला मेण चोळावे लागते आणि ती दुमडून चालत नाही. प्लास्टिकची हलकी आणि लवचिक, तिच्या टोकाला थोडे ग्रीस लावायचे. तुम्ही कधी जुना पोशाख पाहिलात, तर आधी चेन पाहा. दातांच्या कडेचे कापड उसवलेले असेल, तर बाकी काही पाहण्याचे कारण नाही. चेन चांगली असेल, तर सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतो तसे करावे: गळ्याला आणि मनगटांना डबे-बाटल्या घट्ट बसवून पोशाख हवेने फुगवावा आणि साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडा दिसेल तिथे भोक.

आता ऊब. इतके सगळे करून कोरडा पोशाख तुम्हांला कोरडे ठेवतो, एवढेच. उबेचे काम आतला सूट करतो, आणि तो हवा धरून ठेवणारा हवा. सुती कपडा इथे शत्रू. आपण उष्ण देशातले लोक सुतावर प्रेम करतो, कारण ते घाम शोषते. थंड पाण्यात तो शोषलेला घामच अंगाला चिकटून ऊब खातो. लोकर मात्र ओलसर झाली तरी पुष्कळ ऊब राखते. माणदेशातला धनगर भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, तेव्हा तो याच गुणावर विसंबलेला असतो. भिजत घोंगडे आपण रेंगाळलेल्या कामाला म्हणतो. धनगराच्या लेखी भिजते घोंगडे हे चालू असलेले काम आहे. मी अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर आणि त्यावर कृत्रिम धाग्यांचा जाड सूट घेतला. हातमोजे कड्यांना जोडता येणारे कोरडेही मिळतात. ते घेतल्याने बोटे वाचली. कॅमेऱ्याची बटणे मात्र आता नीट दाबता येत नाहीत. डोक्यावरची निओप्रीनची टोपी ओलीच असते. तिची सवय होते.

जाता जाता दोन गोष्टी. आतल्या हवेमुळे माणूस तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजने तारकर्लीपेक्षा कितीतरी जास्त लागतात. ती उचलण्याचे बळ पाठीत आहे का, हे आधी पाहावे. आणि पोशाख कितीही चांगला असला, तरी श्वास देणारा रेग्युलेटर १० अंशांखालच्या पाण्यासाठी तपासलेला असला पाहिजे. साधा रेग्युलेटर गारठून अडकतो आणि हवा एकसारखी सोडत राहतो.

खर्चाचे सांगते. माझ्या वेळी साधा तयार पोशाख हजार पौंडांच्या आगेमागे होता आणि उंची पोशाख त्याच्या दुपटीहून वर. वर आतला सूट, हातमोजे, शिक्षण. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर ज्याला एकदाच जायचे आहे त्याने विकत घेऊच नये. आइसलँडमधल्या थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. पाणी बारमाही २ ते ४ अंश आणि विलक्षण नितळ. तिथे हौशी प्रवाशांना ड्रायसूट भाड्याने मिळतो. तोही अंगात घालून उकिडवे बसून पाहावे, बुटात पाय हलतो का ते पाहावे, आणि हलत असेल तर दुसरा मागावा. मागायला संकोचू नये. आपल्या लोकांना, विशेषतः बायकांना, मिळाले त्यात भागवून घेण्याची सवय असते.

माझा पोशाख सातव्या आठवड्यात आला. काळा, दंडांवर गर्द लाल. मुलीला छायाचित्र पाठवले, तर तिने हसरी चित्रे पाठवली आणि लगेच विचारले, "पायात हवा जाते का?" म्हणजे तिने माझे सगळे नीट ऐकले होते. पहिल्या उतरण्याआधी मी तलावात दोन दिवस फक्त कोलांट्या मारल्या. पाय वर नेले, हवा पायांत जाऊ दिली, गुडघे पोटाशी घेतले, उलटून दंडातून ती सोडली. बूट जागचे हलले नाहीत.

एप्रिलमध्ये सेंट ॲब्जला पाणी ७ अंश होते. चौदा मीटरवर, एका आडव्या भेगेत, तो राखाडी म्हातारा तोंड बाहेर काढून बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि काहीच केले नाही. चाळीस मिनिटांनी वर आले, तेव्हा अंग कोरडे होते. उजवे मनगट तेवढे बाहीच्या वीतभर आतपर्यंत ओले झाले होते. दुकानाच्या मालकाने माझी मूठ वळवून पाहिली, शिरेवर बोट ठेवले आणि कड्यातली पट्टी काढून एक माप लहान बसवून दिली.